रांजण पुढं, टोळ मागं

अंगावर लोखंड घातलेल्या शिपायाला पळवायचं नसतं. एवढी साधी गोष्ट कळायला मला दीड महिना लागला. तोवर मी रोज दुपारी आठ-दहा वेळा मरत होते.

मरत होते म्हणजे टीव्हीवरच्या खेळात. विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आधीचा हिवाळा होता. माझे धाकटे दीर रेल्वेनं हैदराबादला गेले आणि येताना एक जुना रंगीत टीव्ही, पाटीएवढं एक यंत्र, वायरीचे दोन रिमोट आणि खेळाच्या तीन कॅसेटी घेऊन आले. गंगाखेडात तोवर असलं काही आम्ही पाहिलं नव्हतं. आमच्या घराची पुढची खोली रस्त्यावर उघडायची. तिथं त्यांनी टीव्ही मांडला, समोर दोन पत्र्याच्या खुर्च्या आणि मागं एक बाकडं ठेवलं. सकाळी आठपासून गिऱ्हाईक सुरू. माझे मालक साखर कारखान्यात, त्यांची पाळी असायची. बाकी घरात सासू, दीर, अकरावीतली नणंद आणि मी.

लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण त्या पुढच्या खोलीत मी कधी बसले नव्हते. झाडून घ्यायची, पाण्याचा तांब्या ठेवायचा आणि आत यायचं. कुणी मनाई केली होती असं नाही. मी मुळात बुजरी. माहेर वालूरकडचं, मेंढरं राखणारं. चौथी झाली आणि मी मेंढरांमागं लागले. दिवसदिवस बोलायला कुणी नसायचं, त्यामुळं माणसांत आलं की शब्द घशातच राहायचा. सासरी "हो" आणि "आणते" एवढ्या दोन शब्दांवर माझा दिवस निघायचा.

दुपारी दोन ते चार दीर जेवून आडवे व्हायचे आणि दुकान बंद राहायचं. नणंदेचं कॉलेज सकाळचं. तिनं ते दोन तास धरले. दाराला आतून कडी घालून ती खेळत बसायची. शेजारच्या दोघी-तिघी डाळ निवडायला, शिवायला घेऊन तिथंच येऊ लागल्या. सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायची, बाकड्याच्या कोपऱ्यात ज्वारी पाखडायचं सूप घेऊन बसायच्या. मी आतल्या दारात उभी राहून बघायची.

नणंदेचा जीव एकाच कॅसेटवर होता. एक किल्ला होता, त्याला एकामागून एक दरवाजे. दोन शिपाई असायचे, एकेका रिमोटवर एकेक. वाटेत भिंतींवरून, बुरुजांवरून गोळ्या यायच्या. त्या चुकवत, उलट गोळ्या मारत दरवाजापाशी पोचायचं. दोघंही पोचले तरच दरवाजा उघडायचा. नणंद एकटी पुढं पळत जायची आणि तिचा दुसरा शिपाई सुरुवातीलाच उभा राहून मार खायचा.

एक दिवस ती वैतागून वळली. "वहिनी, या न. नुसतं बटण तरी दाबा."

"मला नाही येत, ताई."

"मला कुठं येत होतं? बसा."

मी पदर सावरत खुर्चीच्या कडेवर बसले. दोन शिपायांतला एक काटकुळा, हिरव्या कपड्यातला, उड्या मारत चालणारा. दुसरा डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात. त्याचं तोंडसुद्धा दिसत नसे, डोळ्यांच्या जागी नुसती एक फट. काटकुळा नणंदेनं आधीच धरला होता. मला उरलेला आला. घरात उरलेलं घ्यायची सवयच होती, त्यामुळं त्यात मला काही वाटलं नाही.

शेजारची एक म्हणाली, "ह्यो शिपाई हाय का पाण्याचा रांजण?"

तेव्हापासून तो रांजण झाला आणि नणंदेचा शिपाई टोळ.

रांजण चालायचा सावकाश. वळायला तर त्याला इतका वेळ लागायचा की पाठीमागून कुणी आलं तर संपलंच. त्याची बंदूक मोठी, पण एक गोळी सुटली की दुसरी भरायला दम लागायचा. टोळ दोन गोळ्यांत मरायचा, रांजण दहा सोसायचा. दोन तांबडी बटणं होती. एकानं गोळी सुटायची. दुसरं दाबून धरलं की रांजण गुडघा टेकून ढालीमागं बसायचा. तेव्हा मार निम्माच लागायचा, पण जागचं हलता येत नसे. हे सगळं नंतर कळलं. सुरुवातीला मी फक्त नणंदेच्या मागं मागं पळवायची त्याला. तो काही पळायचा नाही. ती पुढं जाऊन मरायची आणि मी मागं राहून मरायची.

वाटेत कधीमधी तांबडी पेटी पडलेली असायची, औषधाची. ती घेतली की अंगातलं बळ परत यायचं. माझ्या पायाशी पेटी पडली तरी मी ती नणंदेसाठी सोडायची. ती उड्या मारत येऊन घ्यायची आणि पुढच्या वळणावर दोन गोळ्यांत जायची. तिसऱ्या दरवाजापलीकडं आम्ही कधी गेलोच नाही.

तरी ते दोन तास मला हवेसे झाले. का, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. आता सांगते. त्या खोलीत माझा आवाज निघायचा. "ताई, उजवीकडून आला", "थांबा थांबा", "मेले की मी". हसू यायचं ते मोठ्यानं यायचं. पलीकडची शिवणारी बाई म्हणायची, "ही मुकी न्हाई बरं का, हिला बोलता येतंय." चार वाजले की कडी निघायची आणि मी आत जाऊन पुन्हा "हो", "आणते". पण दुसऱ्या दिवशी दोन वाजणार आहेत एवढं ठाऊक असायचं.

मग एक दिवस आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं.

"माय, त्या रांजणाला मागं मागं कामून न्यायलीस?"

"ताई पुढं आहेत न."

"ती पुढं हाय म्हनून तर मरायली. लोखंड कुणाच्या अंगावर हाय?"

"माझ्या."

"मंग?"

खरं कारण सांगायची लाज वाटली. लग्न होऊन आले त्या दिवसापासून सासरच्या माणसाच्या पुढं मी चाललेच नव्हते. बाजाराला निघालो की आत्याबाई, नणंद आणि मग मी. मुलखातली रीतच ती. वयानं लहान असली तरी नणंदेचा मान मोठा. ते पायांत इतकं मुरलं होतं की बोटांत कधी उतरलं ते मला कळलंच नाही. टोळाच्या पुढं रांजण काढायचा म्हटलं की अंगठा आपोआप ढिला पडायचा. पेटीचंही तेच. घरात सगळ्यांचं झाल्यावर आपण जेवायचं. मग खेळातली पेटी आधी कशी घ्यायची?

शेवटी मी बोलले. "नणंदेच्या पुढं सून कशी जाईल, आत्याबाई?"

आधी कुणाला उमगलंच नाही. मग नणंद रिमोट मांडीत टाकून हसत सुटली. आत्याबाईंच्याही डोळ्यांत पाणी आलं हसून. "अगं, ती हितं खुर्चीत बसलीय. त्या टीव्हीत तुजी कोन नणंद अन् कोन सासू? तितं तू मला बी मागं टाक."

मीही हसले. पण हसून बोटं सुधारत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दळण आणायला जाताना मला माझे आबा आठवले. कधी मेंढरं बाभळीच्या काट्यात घुसायची आणि तिकडंच अडकायची. तेव्हा आबा घोंगडं ओलं करून अंगाभोवती गुंडाळायचे आणि काट्यात शिरायचे. आम्ही भावंडं त्यांच्या पाठीला चिकटून. ते कधी घाई करायचे नाहीत. ओलं घोंगडं जड, ते घेऊन पळताच येत नाही. एक पाऊल टाकायचे, उभे राहायचे, काटे घोंगड्यात रुतू द्यायचे, मग दुसरं पाऊल. आम्ही पोरं पातळ कपड्यातली. आम्ही पुढं गेलो असतो तर फाटून निघालो असतो. घोंगडं त्यांच्या अंगावर म्हणून ते पुढं. यात मानाचा प्रश्नच नव्हता.

त्या दुपारी मी नणंदेला म्हटलं, "ताई, आज मी म्हणेपर्यंत माझ्या पाठीमागं थांबा."

तिनं चमकून बघितलं. पण थांबली. आम्ही चौथा दरवाजा पहिल्यांदा पाहिला.

ह्याच सुमारास दिरानं जेवताना विषय काढला. त्या दिवसांत सगळीकडं नामांतराचंच बोलणं. एस.टी. एक दिवस चालू, एक दिवस बंद. कॉलेजही तसंच. मोठ्या वर्गातली मुलं गावात मोकळी फिरायची आणि दुपारी दोनलाच आमचं दार वाजवायची.

"उद्यापासून दुपारी बी चालू ठेवतो," दीर म्हणाले. "गिऱ्हाईक परत चाललंय."

नणंदेचा घास हातात राहिला. "अन् आमी?"

"तुमी काय, सकाळी झाडायच्या टायमाला खेळा."

"आमची वेळ हाय ती."

"तुमची वेळ. येतंय का तुमाला काही? तीन दरवाज्यांत मरायल्या तुमी. ती पोरं सहावा ओलांडायलीत."

"सातवा न्हाई न ओलांडला?"

"सातवा अख्ख्या गावात कुणी ओलांडला न्हाई."

"आमी ओलांडतो," नणंद म्हणाली. "मी अन् वहिनी."

माझ्या हातातलं वरणाचं पातेलं कलंडता कलंडता राहिलं. दीर मात्र खुशीत आले. त्यांना अशा गोष्टी आवडायच्या. "बरं. रविवारपर्यंत. सगळ्यांसमोर. ओलांडला तर दोन ते चार बायकांचे, मी स्वतः दारावर लिहितो. न्हाई तर पुन्हा बोलायचं न्हाई."

"जबान दिली?" आत्याबाईंनी विचारलं.

"दिली."

रविवारला आठ दिवस होते. त्या रात्री झोपताना माझ्या मनात खेळ नव्हताच. दोन ते चार मी कुठं असेन, एवढंच होतं. चुलीपाशी, की त्या खुर्चीत. मी ठरवलं की खुर्चीतच.

दुसऱ्या दिवसापासून मी जुन्या कॅलेंडरचे कागद फाडून त्यांच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहू लागले. शाळा सुटल्यापासून पत्राशिवाय काही लिहिलं नव्हतं. अक्षर वाकडंतिकडं, पण मला वाचता येत होतं. दुसरा दरवाजा, डाव्या भिंतीला पाठ. बुरुजावरचा तीन गोळ्या मारतो, मग थांबतो, तेव्हा चालायचं. तिसरा, मधोमध उभं राहायचं नाही, दोन्हीकडून लागतं. चौथा, खड्ड्यापाशी गुडघा टेकून बसायचं, टोळाला मागून उडी मारून जाऊ द्यायचं. आज मी हे लिहितेय ती सवयही तिथलीच.

लिहिता लिहिता रांजणाचा स्वभाव समजत गेला. त्याला कुणाच्या मागं लागायला लावायचं नाही. शत्रू पळाला तर पळू द्यायचा, कारण पाठलाग करताना पाठ उघडी पडते आणि वळायला वेळ लागतो. आधी जागा बघायची, मग तिथं जायचं, आणि गेल्यावर ती सोडायची नाही. पाठ भिंतीला ठेवायची. गोळी उगाच घालवायची नाही, कारण भरेपर्यंत आपण रिकामे असतो. समोरचे सगळे त्याच्यावरच नेम धरतात, ते त्याचं नुकसान नाही. तेच त्याचं काम आहे. ते सगळे रांजणावर गोळ्या घालत असतात तेव्हा टोळ बाजूनं जाऊन एकेकाला टिपतो. नणंद हे माझ्यापेक्षा आधी शिकली. "तुमी उभ्या राहा फक्त," ती म्हणायची, "बाकीचं मी बघते."

पेटीचं मात्र जमत नव्हतं. सोप्या हिशेबात बसणारी गोष्ट होती. टोळाला पेटीतून दोन गोळ्यांचं बळ, रांजणाला दहा. पण पेटी दिसली की मी थांबायची. नणंद ओरडायची, "घ्या न वहिनी," तेव्हा घ्यायची, आणि तेवढ्या थांबण्यात चार गोळ्या लागलेल्या असायच्या. शनिवारी आम्ही सातव्या दरवाजापर्यंत पोचलो आणि तिथंच मेलो. मधोमध पेटी होती. मी तिच्यापुढं उभी होते, वाट बघत.

नणंद चिडली नाही. रिमोटची वायर गुंडाळत एवढंच म्हणाली, "उद्या मी घ्या म्हणणार न्हाई. तुमचं तुमी बघा."

रविवारी दोन वाजता खोली भरली. दीर, कॉलेजातली ती दोन मुलं, ज्यांनी सहावा ओलांडला होता, शेजारणी, आत्याबाई. परक्या पुरुषांसमोर मी खुर्चीत बसायची ही पहिलीच वेळ. दोन्ही हात रिमोटला, मग पदर सावरायचा कसा? नणंदेनं आपल्या केसातली पिन काढली आणि माझा पदर केसांना घट्ट टोचून टाकला. "आता वादळ आलं तरी हलत न्हाई," ती कानात म्हणाली.

दोघांतला उंच मुलगा मागून म्हणाला, "वहिनी, बटणं हलकी दाबायची असत्यात. भाकरी न्हाई थापायची."

"तू एक भाकर थापून दाव," आत्याबाई सूप न थांबवता म्हणाल्या, "मंग बोल."

शेजारणी हसल्या. आम्ही सुरू केलं. पहिला, दुसरा, तिसरा सहज गेले. कागद मांडीवर होते, पण बघावे लागले नाहीत. चौथ्यात नणंद एकदा मेली. प्रत्येकीला तीन जीव मिळायचे, तिचे दोन उरले. पाचवा उघडला आणि त्याच क्षणी पडदा आक्रसून एक पांढरा ठिपका झाला आणि गेला. लाइट गेली होती.

मग दीर म्हणाले, "आता ह्याला मी काय करू?"

"तुज्या गिऱ्हाइकाची लाइट गेली तर काय करतूस?" आत्याबाईंनी विचारलं.

"पुन्हा पहिल्यापासून देतो."

"मंग हे बी गिऱ्हाईकच समज."

लाइट यायला अर्धा तास लागला. त्या वेळात दुसरा मुलगा म्हणाला, "वहिनी, तोवर च्या तरी पाजा." मी उठलेसुद्धा. पाय आतल्या दाराकडं वळले होते. आत्याबाईंनी माझा हात धरला आणि परत खुर्चीत बसवलं.

"तू बस. च्या मी टाकते."

त्या आत गेल्या. मी रिमोट धरून काळ्या काचेकडं बघत बसले. काचेत माझीच सावली दिसत होती आणि मागं ती मुलं. सासू चहा करतेय आणि सून खुर्चीत बसलीय, हे सगळे बघत होते. कान तापले. पण मी उठले नाही.

लाइट आली. पुन्हा पहिल्या दरवाजापासून. मला वाटलं होतं, दमून बोटं चुकतील. उलट ती आता जास्त शांत होती. पहिल्या पाच दरवाज्यांत नणंदच एकदा मेली. सहाव्यात नणंदेनं घाई केली, माझ्या बाजूनं पुढं गेली आणि संपली. तिचा शेवटचा जीव राहिला. मागची मुलं पुढं सरकली.

"आता सातवा," उंच म्हणाला. "इथं आमी रोज मरतो."

सातव्यात दोन्ही भिंतींवर तोफा होत्या. वाट अरुंद, आडोसा नाही. मी रांजणाला पुढं काढलं. दोन पावलं, गुडघा. गोळ्या लागल्या, थांबल्या. दोन पावलं, गुडघा. टोळ माझ्या पाठीला चिकटून. डावीकडची तोफ नणंदेनं माझ्या आडून फोडली. उजवीकडची राहिली. रांजणाच्या अंगात तीन गोळ्यांचंच बळ उरलं आणि पेटी आली, मधोमध, टोळाच्या हाताशी जेवढी तेवढीच माझ्या.

नणंदेनं कबूल केल्याप्रमाणं तोंड उघडलं नाही. अंगठा ढिला पडतोय हे मला कळलं. मी तो दाबून धरला आणि पेटी घेतली.

"मागं राहा, ताई," मी म्हटलं.

खोलीत माझा आवाज ऐकून मीच दचकले. पण थांबले नाही. रांजण उजव्या तोफेसमोर जाऊन बसला. सगळ्या गोळ्या त्याच्यावर. दहातल्या पाच गेल्या, सहा गेल्या. नणंद त्याच्या पाठीमागून एकेक मारत राहिली. सात गेल्या. तोफ फुटली. मग दोघं चालत दरवाजापाशी गेलो, पुढं रांजण, मागं टोळ, आणि दरवाजा उघडला.

शेजारणींनी टाळ्या पिटल्या. आठव्या दरवाज्यात शिरलो तर तिथं सगळा बर्फ. रांजण घसरत जाऊन खड्ड्यात पडला आणि पाठोपाठ नणंदही. खेळ संपला. आम्ही दोघी इतक्या हसलो की माझ्या केसातली पिन निघाली.

उंच मुलगा पडद्याकडं बघत होता. मग म्हणाला, "आमी दोघं बी पेटीसाठी भांडतो तितं." एवढं बोलून उठला.

दिरानं जबान पाळली. संध्याकाळी निळा रंग आणून दारावर लिहिलं: दुपारी दोन ते चार, फक्त बायका. मला वाटलं, झालं. मिळालं.

तिसऱ्या दिवशी नणंदेचा टायपिंगचा पेपर होता आणि ती परभणीला गेलेली. आत्याबाई मानवतला बहिणीकडं. दीर आत घोरत होते. दोन वाजले. शेजारणी बाकड्यावर येऊन बसल्या होत्या, मी कडी घालायला गेले आणि दारात कॉलेजातली ती दोन मुलं उभी, बरोबर आणखी तिघं.

"वहिनी, दहाच मिनटं," उंच म्हणाला. "बाहेर कुणाला कळायलंय?"

माझ्या मागं बोलणारं कुणी नव्हतं. दिरांना उठवायचं मनात आलं. उठवलं असतं तर त्यांनी काय केलं असतं ते मला माहीत होतं. दहा मिनटं म्हणाले असते. आणि उद्या वीस. मग निळ्या रंगाला कुणी विचारलं नसतं.

मी उंबऱ्यात मधोमध उभी राहिले. एक हात चौकटीला लावला.

"चारला या."

"दादाला विचारा तरी."

"ते झोपलेत. चारला या."

"तुमी लय कडक निघाल्या, वहिनी."

मी हलले नाही. एक जण मागच्या मागं म्हणाला, चल, स्टँडवर च्या पिऊ. दुसरा म्हणाला, थांब की. उंच माझ्याकडं बघत होता, मी त्याच्या बुटांकडं. मान काही वर होत नव्हती. पण पाय जाग्यावर होते. थोड्या वेळानं बूट वळले. ते कोपऱ्यावरून दिसेनासे होईपर्यंत मी उंबरा सोडला नाही. मग कडी घातली.

शिवणारी शेजारीण सुई कापडात खोचून बघत होती. "आज तुजी जोडीदारीण न्हाई."

"तुमी या."

"मला कुठं येतंय?"

"मला कुठं येत होतं? बसा." मी टोळाचा रिमोट तिच्या हातात दिला. "हे चालायचं, हे गोळीचं. अन् माझ्या मागं राहा."

ती मागं राहिली नाही. आम्ही दुसऱ्या दरवाजापाशीच मेलो. चार वाजायला दीड तास होता. पुन्हा सुरू केलं.